पावसाळी ताप, अंगदुखी आणि सुगंधी तेलाची बाटली

एक किलो ताज्या गवती चहातून जेमतेम ३ ते ५ ग्रॅम तेल निघतं. म्हणजे दुकानातून आणलेल्या १० मिलीच्या बाटलीत दोन-तीन किलो गवताचं सत्त्व उतरलेलं असतं. चहात आपण दोन पाती टाकतो. सुगंधी तेलं नव्याने वापरायला घेणाऱ्याने हा हिशेब आधी मनात धरावा. ‘नैसर्गिकच तर आहे’ म्हणून बाटली सरळ तळहातावर उपडी करण्याची सवय इथूनच सुटते.

दुसरी गोष्टही सुरुवातीलाच सांगते. सुगंधी तेलाने, म्हणजे इसेन्शियल ऑइलने, शरीरातला विषाणू मरत नाही. फ्लू, कोविड, डेंग्यू, चिकुनगुनिया यांपैकी एकही आजार कुठल्याही तेलाने बरा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत मात्र निलगिरी आणि टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाने नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूची ताकद कमी होते, असे प्रयोग झाले आहेत. या विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असतं आणि तेलातले घटक त्याला धक्का लावतात. पण बशीत तेल विषाणूवर थेट पडतं. आपल्या पेशींच्या आत शिरलेल्या विषाणूपर्यंत तितकं तेल पोचवायचं म्हटलं, तर त्याआधी माणूसच आजारी पडेल. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए आणि एफटीसी या सरकारी संस्थांनी सात विक्रेत्यांना इशारापत्रं धाडली. कोरोनावर इलाज म्हणून जे काही विकलं जात होतं, त्यात इसेन्शियल ऑइलंही होती.

मग बाटली घरात ठेवायची कशाला? तापाचे पाच-सात दिवस सुसह्य व्हावेत म्हणून. चोंदलेल्या नाकाने रात्र काढणं, ठणकणारं कपाळ, धरलेले सांधे, नागिणीनंतर महिनोन्महिने उठणारी सणक, या सगळ्यात औषधाच्या जोडीने तेलाचा उपयोग होतो. औषधाच्या जागी नाही.

मला हे कळलं ते आईच्या आजारपणात. पावसाळ्यातला ताप, अंग मोडून आलेलं, पायऱ्या उतरवेनात. मी दिवसातून तीन-चार वेळा तिच्या गुडघ्यांना, खांद्यांना दुखण्याचं तेल चोळत होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी प्लेटलेट तपासायला सांगितल्या आणि विचारलं, “काय लावताय?” बाटली दाखवली. लेबल वाचून ते म्हणाले, “डेंग्यू नाही हे कळेपर्यंत हे बंद ठेवा.” त्या तेलात गंधपुरा होता. पुढे तो ताप चिकुनगुनियाचा निघाला, पण दुखण्याच्या तेलाचा आणि डेंग्यूचा काय संबंध, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा भाग आधी घेते.

गंधपुरा आधी ओळखा

गंधपुरा म्हणजे विंटरग्रीन. निलगिरी पर्वतात आणि खासी टेकड्यांत हे झुडूप उगवतं. उटीच्या सहलीहून निलगिरी तेलाच्या जोडीने ज्या छोट्या बाटल्या येतात, त्यांत हे हमखास असतं. या तेलाचा जवळजवळ सगळा भाग मिथाइल सॅलिसिलेट असतो, म्हणजे अॅस्पिरिनचा सख्खा भाऊ. ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा शुद्ध गंधपुरा तेलात सुमारे ७ ग्रॅम अॅस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं. ३२५ मिलिग्रॅमच्या वीस-बावीस गोळ्या झाल्या या. लहान मुलाने एवढं गिळलं तर ते जिवावर बेतू शकतं.

सॅलिसिलेट कातडीतूनही आत जातं. डेंग्यूत आधीच रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळायला सांगतात. गंधपुरा अंगभर चोळणं म्हणजे तेच मागच्या दाराने आत घेणं. त्यामुळे पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची तपासणी झालेली नसली, तर गंधपुरा असलेला बाम, तेल, स्प्रे लावू नका. घरातले सगळे बाम काढा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. ‘मिथाइल सॅलिसिलेट’, ‘विंटरग्रीन’, ‘गंधपुरा’ यांपैकी काहीही दिसलं तर बाटलीवर पेनाने मोठी खूण करा. डोकेदुखीच्या साध्या बामातही हे निघतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले, अॅस्पिरिनची अॅलर्जी असलेले आणि सोळा वर्षांखालची ताप आलेली मुलं, यांच्यासाठी गंधपुरा एरवीही नको. फ्लू किंवा कांजिण्यांत मुलांना अॅस्पिरिन दिल्यास यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो, म्हणून मुलांच्या बाबतीत सॅलिसिलेटपासून चार हात लांबच राहिलेलं बरं.

पहिली पायरी: तीन बाटल्या पुरेत

सुरुवातीला दहा-बारा बाटल्यांचा संच घेऊ नका. निलगिरी, पुदिना (पेपरमिंट) आणि लॅव्हेंडर, एवढ्या तीन पुरतात. जोडीला घाण्याचं तिळाचं तेल किंवा खोबरेल.

बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं. निलगिरीला युकॅलिप्टस ग्लोब्युलस, पुदिन्याला मेंथा पिपेरिटा. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी, बदायूँ या भागांत जो मेंथा पिकतो तो मेंथा अर्वेन्सिस, म्हणजे जपानी पुदिना. त्यात मेंथॉल, म्हणजे पुदिन्यातला गार लागणारा घटक, जास्त असल्याने तो जास्त झणझणीत लागतो. चालतो, पण थेंब कमी घ्या. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ किंवा ‘अरोमा ऑइल’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो अत्तरी वास आहे, औषधी कामाचा नाही. गुलाबाच्या एक किलो तेलाला तीन-चार हजार किलो फुलं लागतात, तेव्हा शंभर रुपयांत मिळणारं ‘शुद्ध गुलाब तेल’ काय असेल ते तुम्हीच ओळखा.

घरी एक साधी परीक्षा होते. कोऱ्या कागदावर एक थेंब टाका. निलगिरी किंवा पुदिना काही तासांत उडून जातो आणि मागे तेलकट डाग राहत नाही. डाग राहिला तर त्यात साधं तेल मिसळलेलं आहे. लॅव्हेंडरलाही ही परीक्षा लागू पडते, पण चंदनासारख्या जड तेलांना नाही.

दुसरी पायरी: थेंब मोजायला शिका

साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. या हिशेबाने ३० मिली तिळाच्या तेलात ६ थेंब टाकले की १ टक्का, १२ थेंब टाकले की २ टक्के. चेहरा, नाजूक कातडी आणि वयस्क माणसं यांना १ टक्का. हातापायांना, पाठीला २ टक्के. नवख्याने याच्या वर जाऊ नये.

तेल पाण्यात विरघळत नाही. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकले तर ते तसेच वर तरंगतात आणि पाणी अंगावर घेताना नेमके मांडीला, पोटाला चिकटून आग करतात. गुळण्यांच्या पाण्यातही तेच होतं. गुळण्यांना मीठ-हळदच बरी.

मिश्रण केलं की कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास थांबा. लाली, खाज, पुरळ काही आलं तर ते तेल तुमच्यासाठी नाही. जुनं, उघडं राहिलेलं तेल जास्त बाधतं, कारण हवा लागून त्यातले घटक बदलतात. टी ट्रीच्या बाबतीत हे फार होतं. बाटली गडद काचेची असावी, अंधारात आणि थंड जागी ठेवावी, आणि उघडल्याची तारीख वर चिकटवावी. वर्ष-दीड वर्षानंतर ते तेल अंगाला लावू नका.

आग झाली तर आधी साध्या खाद्यतेलाने पुसा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि डॉक्टरांना दाखवा.

नाक चोंदलं असेल तर

मेंथॉलचा वास घेतला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे नाकातून जाणारी हवा मोजली तर ती तेवढीच भरते. नाकातल्या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारी एक ‘बेल’ असते, टीआरपीएम८ नावाची. मेंथॉल ती बेल वाजवतं आणि मेंदूला वाटतं, गार हवा आत आली. उष्णता ओळखणाऱ्या अशाच बेलांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल अर्ध्या वाट्याने मिळालं, आणि मेंथॉल वापरून ही गारव्याची बेल शोधण्यातही त्यांचा वाटा होता. म्हणजे सूज तीच राहते, गुदमरल्याची भावना मात्र कमी होते. पडल्या पडल्या झोप लागायला कधी कधी तेवढंही पुरतं.

यासाठी मला सगळ्यात सोयीची वाटते ती रुमालाची पद्धत. सुती रुमालावर निलगिरीचे २ थेंब टाका, घडी करा आणि उशीपासून हातभर लांब ठेवा. संपलं काम.

वाफेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. कोविडच्या काळात घरोघरी दिवसातून तीन-चार वेळा वाफारे चालायचे. साध्या सर्दीत वाफेचा ठाम फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, आणि उकळत्या पाण्याने भाजलेली मुलं मात्र रुग्णालयांत दिसतात. पांघरुणाखाली गॅसवरून उतरवलेलं पातेलं आणि मांडीवर मूल, ही जोडी कधीही नको. मोठ्या माणसाला वाफ घ्यायचीच असेल तर पातेलं टेबलावर स्थिर ठेवा आणि पाण्याची उकळी बसू द्या. मग निलगिरीचे २ थेंब टाका, पुदिना नको, त्याने डोळे झोंबतात. डोळे मिटून, चेहरा फूटभर लांब ठेवून पाच मिनिटं बसा. नेब्युलायझरमध्ये तेल कधीही घालू नका. तेलाचे कण फुप्फुसात गेले तर एक वेगळाच न्यूमोनिया होतो. नाकात तेलाचे थेंब सोडू नका, तेही याच कारणाने.

दमा असलेल्यांनी रुमालसुद्धा जपून वापरावा, उग्र वासाने छाती आवळू शकते. फिट येणाऱ्यांनी निलगिरी आणि कापूर दोन्ही टाळावेत. बंगळूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा तेलांनंतर फिट आलेल्या मोठ्या माणसांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांपैकी काहींनी ती फक्त हुंगली किंवा चोळली होती.

तान्ह्या बाळासाठी

आपल्याकडे कापूर घालून कोमट केलेलं तेल बाळाच्या छातीला चोळायची पद्धत आहे. आजी मायेने करते आणि मी तिच्या मायेवर बोट ठेवत नाही, पण कापूर तिथे नकोच. कापूर कातडीतून आणि श्वासातून आत जातो आणि लहान मुलांना त्याने फिट येऊ शकते. दोन वर्षांखालच्या बाळाला मेंथॉल, निलगिरी, कापूर यांपैकी काहीही छातीला, नाकाला किंवा तळपायाला लावू नका. मेंथॉलचा उग्र वास नाकाशी गेला तर बाळाचा श्वास क्षणभर अडकू शकतो.

बाळाचं नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब, उभं धरणं आणि वरचेवर अंगावर पाजणं. भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी घरात करतच असाल तर ती पाळण्याच्या बाहेर, हाताला लागणार नाही अशी बांधा. अंगाला गरम लावू नका. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी मिळणारं वेपर रब छातीला आणि मानेला लावता येतं, नाकपुडीखाली नाही. २०१० मधल्या एका अमेरिकी अभ्यासात २ ते ११ वर्षांच्या मुलांना त्याने रात्री जास्त आराम पडला, पण बऱ्याच मुलांच्या कातडीला आणि डोळ्यांना चुरचुरलंही.

डोकं ठणकत असेल तर

सगळ्या तेलांत ज्याला चांगला आधार आहे असा हा एक उपयोग. १९९६ मध्ये जर्मनीतल्या कील इथे ताणाच्या डोकेदुखीवर अभ्यास झाला. अल्कोहोलमध्ये १० टक्के पुदिना तेल घालून ते कपाळाला आणि कानशिलांना लावलं, पंधरा-पंधरा मिनिटांनी आणखी दोनदा. आराम पॅरासिटामॉलच्या १००० मिलिग्रॅमइतकाच पडला. तापातली डोकेदुखी वेगळी असते, तरी जड झालेल्या कपाळाला हा गारवा बरा वाटतो.

घरी एवढं तीव्र करू नका. १० मिली खोबरेलात पुदिन्याचे २ थेंब टाका. बोटाच्या टोकावर येईल एवढंच कपाळाच्या दोन्ही बाजूंना केसांच्या रेषेजवळ लावा. डोळ्यांपासून दोन बोटं लांब. हात लगेच धुवा. डोळा चोळला जातो तो नंतर पाच मिनिटांनी, विसरल्यावर. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितली असेल तर ती वेळेवर घ्याच, तेल लावलं म्हणून चुकवू नका.

मान ताठ झाली असेल, उजेड सहन होत नसेल, उलट्या होत असतील, तर ही साधी डोकेदुखी नाही. तेल बाजूला ठेवा आणि रुग्णालय गाठा.

सांधे धरले असतील तर

चिकुनगुनिया हा शब्द टांझानियातल्या किमाकोंडे भाषेतला, अर्थ ‘वाकवून टाकणारा’. १९५२ मध्ये तिथे या आजाराची ओळख पटली. महाराष्ट्रात २००६ च्या साथीत गावंच्या गावं वाकलेली होती. ताप आठवड्यात जातो, पण सांधे महिनोन्महिने कुरकुरतात. सकाळी मूठ वळत नाही, चहाचा कप धरवत नाही. तेलाचा खरा उपयोग या लांबलेल्या काळात होतो.

ताप चढलेला असताना आणि सांधा गरम, सुजलेला असताना चोळू नका. हलक्या हाताने लावायलाही ताप उतरल्यावरच सुरुवात करा. त्यासाठी ३० मिली तिळाचं तेल, निलगिरीचे ६ थेंब, लॅव्हेंडरचे ४ आणि पुदिन्याचे २. एका वेळी चमचाभर पुरतं. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी प्रत्येक सांध्याला दोन-तीन मिनिटं, बोटांपासून वर. आईच्या बोटांना मी असं करत असे आणि नंतर तिला कोमट पाण्याच्या वाटीत स्पंज पिळायला लावत असे, पाचपासून सुरुवात करून रोज एकेक वाढवत. आराम तेलाचा किती, चोळण्याचा किती आणि पिळण्याचा किती, हे मी वेगळं करून सांगू शकणार नाही. चोळण्याचा वाटा मोठा असावा असं माझं मत आहे.

विदर्भ-मेळघाटाकडे रोशा गवत म्हणजे तिखाडी उगवते. तिचं रोशेल तेल संधिवातावर पूर्वापार चोळतात. मिळालं तर लॅव्हेंडरऐवजी तेवढेच थेंब घाला. गवती चहाच्या तेलाने मात्र बऱ्याच जणांना पुरळ उठतं, ते ३० मिलीत ३-४ थेंबांच्या वर नको.

तेल किंवा बाम लावलेल्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, घट्ट पट्टीही बांधू नका. मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या दुखण्याच्या मलमांनी कातडी भाजल्याच्या तक्रारी आल्यामुळे एफडीएने २०१२ मध्ये लोकांना सावध केलं होतं. शेक घ्यायचा तर आधी शेक, मग अंग निवल्यावर तेल.

नागीण उठली असेल तर

कंबरेला किंवा छातीला एकाच बाजूने जळजळ, मग पाण्याने भरलेले फोड. आपल्याकडे अजूनही गेरू लावतात, मंत्र घालून आणतात, ‘दोन टोकं जुळली की माणूस जातो’ म्हणतात. टोकं जुळण्याची भीती खोटी आहे. घाई मात्र खरंच हवी, कारण अॅसायक्लोव्हिरसारखं विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. गेरूत आणि तेलात हे तीन दिवस घालवू नका. फुटलेल्या किंवा ओल्या फोडांवर कुठलंच सुगंधी तेल नको, पातळ केलेलंही नको. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

खपल्या पडून कातडी पूर्ण भरल्यावरही आतून सणक येत राहते, शर्टाचा स्पर्श सहन होत नाही. तेव्हा २ टक्के पुदिन्याचं तेल आधी नाण्याएवढ्या जागेवर लावून पाहा. काहींना गारव्याने बरं वाटतं, काहींची आग वाढते. आग वाढली तर पुन्हा प्रयत्न करू नका. या दुखण्यावर डॉक्टरांकडे वेगळ्या गोळ्या आहेत, नेहमीच्या वेदनाशामकांहून वेगळ्या. त्या मागून घ्या.

ओठावर उठणाऱ्या तापाच्या फोडाला टी ट्री लावतात. त्यावरचे प्रयोग इतके छोटे आहेत की त्यांवरून काही ठरत नाही, आणि ओठाचं तेल पोटात जातं. मी लावायला सांगणार नाही. दाढेच्या ठणक्याला खोबरेलात पातळ केलेलं लवंग तेल कापसाच्या टोकाने दाढेपुरतं लावता येतं, त्यातलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. हिरडीला लावू नका आणि तेवढ्यावर दंतवैद्य टाळू नका.

तेल ठेवून उठायची वेळ

तीन दिवसांवर ताप टिकला, धाप लागली, पोटात सारखी कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी, गुंगी, यांपैकी काहीही दिसलं की रुग्णालयात जा. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात धोक्याचे असतात. तेव्हा माणूस बरा वाटतो, घरचे निर्धास्त होतात आणि नेमकं त्याच वेळी बिघडतं. गर्भवतींनी आणि रोजच्या गोळ्या चालू असलेल्यांनी कुठलंही तेल सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर (तेलाचा वास खोलीभर पसरवणारं यंत्र) आणि टी ट्री दोन्ही नकोत, मांजराच्या यकृताला ही तेलं पचवता येत नाहीत.

कुठलंही इसेन्शियल ऑइल पोटात घेऊ नका. अमृतधारेचे थेंब बत्ताशावर घेणारी घरं मला माहीत आहेत, पण तिच्यात कापूर, मेंथॉल आणि ओव्याचं फूल एकत्र असतं. बत्ताशावर पडणाऱ्या दोन थेंबांचे चार कधी होतात, ते घाईत कळत नाही.

बाटल्या कुलपाच्या कपाटात ठेवा. खोकल्याच्या औषधाच्या शेजारी नको. रात्री अर्धवट झोपेत मुलाला चमच्याने औषधाऐवजी निलगिरी पाजली गेल्याच्या घटना घडतात. मुलाने तेल गिळलं तर उलटी करायला लावू नका, तेल श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन करा आणि जाताना तीच बाटली सोबत घ्या, किती उरली आहे ते डॉक्टरांना दिसेल अशी.